जर्मनीत संशोधक म्हणून राहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी किंवा पोस्टडॉकसाठी जर्मनीत येणाऱ्या मराठी संशोधकांकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रवेश कसा मिळवावा किंवा शोधनिबंध कोठे पाठवावा हा या पानाचा विषय नाही. प्रयोगशाळेबाहेरचे घर, कागदपत्रे, दुखणीखुपणी, कुटुंब आणि या सगळ्यावर सावली धरून असलेली कराराची मुदत हा आहे. ही मुदत येथील संशोधकाच्या आयुष्यात किती खोलवर शिरलेली असते, हे येण्यापूर्वी कोणी सांगत नाही, म्हणून तिचा उल्लेख अनेक उत्तरांत येईल.

पोहोचल्यानंतर सर्वांत आधी कोणते काम करावे?

राहत्या पत्त्याची नोंदणी करावी. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाची सही असलेले, तुम्ही तेथे राहायला आल्याचे प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येकदा दोन आठवड्यांहून अधिक काळ जातो. अशा वेळी अपॉइंटमेंट मुदतीच्या आत मागितल्याचा पुरावा जवळ ठेवावा.

या एका कागदावर पुढची बरीच कामे अवलंबून असतात. नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालाने घरी येतो आणि पगार काढणाऱ्या कार्यालयाला तो द्यावा लागतो. तो वेळेत दिला नाही, तर पगारातून जास्त कर कापला जाण्याची शक्यता असते. तो पुढे परत मिळतो, पण पहिल्या महिन्यांत पैशांची ओढाताण असते तेव्हाच ही रक्कम हातची जाते. नोंदणीच्या अर्जात धर्म विचारलेला असतो. ठरावीक चर्चच्या सदस्यांना प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर द्यावा लागतो. इतरांना तो लागू नाही.

येथे एक बारीकशी गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. जर्मनीतील इमारतींत आतल्या फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. टपालवाला पेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. मी पहिल्या घरी मित्राच्या खोलीत उतरलो होतो आणि पेटीवर फक्त त्याचे नाव होते. माझ्या करक्रमांकाचे पत्र आले, पेटीवर नाव दिसले नाही म्हणून परत गेले, आणि ते पुन्हा मागवण्यात दीड महिना गेला. त्यामुळे किल्ली हातात पडली की कागदाच्या पट्टीवर आपले आडनाव पासपोर्टात आहे तसेच लिहून ते त्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवावे. बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड, व्हिसा कार्यालयाचे पत्र हे सारे त्या पट्टीच्या भरवशावर येते.

नोकरीचा करार आणि स्कॉलरशिप यांत नेमका काय फरक पडतो?

महिन्याकाठी हातात पडणारी रक्कम पाहून अनेकांना दोन्ही सारखेच वाटतात, पण ते तसे नाहीत. विद्यापीठाचा करार असेल तर पगार बहुधा राज्यांच्या वेतनश्रेणीतील तेराव्या गटानुसार मिळतो. पीएचडीसाठी त्यातील अर्धी, दोन तृतीयांश किंवा पाऊण जागा दिली जाते, पोस्टडॉकला साधारणपणे पूर्ण. करारासोबत आरोग्यविमा, पेन्शन आणि बेरोजगारी विमा हे तिन्ही येतात आणि त्यांच्या वर्गणीचा साधारण निम्मा भार मालक उचलतो. स्कॉलरशिपमध्ये यांपैकी काही आपोआप येत नाही. रक्कम बहुतेक वेळा करमुक्त असते, परंतु आरोग्यविम्याची व्यवस्था स्वतः पाहावी लागते, पेन्शनचे महिने जमा होत नाहीत आणि पुढे काम सुटले तर बेरोजगारी भत्त्याचा हक्क त्यातून तयार होत नाही.

डीएएडी (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) किंवा हुम्बोल्ट प्रतिष्ठानची फेलोशिप मिळणे हा मोठा मान आहे आणि ती नाकारावी असे मी कोणालाही सांगणार नाही. मात्र त्या वर्षांचे पुढील परिणाम माहीत असूनच ती स्वीकारावी. माक्स प्लांक संस्थेने 2015 पासून पीएचडी करणाऱ्यांना स्कॉलरशिपऐवजी करार द्यायला सुरुवात केली, यावरूनही हा फरक किती खरा आहे ते दिसते. तुम्हाला निवडीची संधी असेल, तर माझ्या मते करार घ्यावा.

पोस्टडॉकसाठी येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेतनगटात अनुभवानुसार पायऱ्या असतात आणि पूर्वीचा अनुभव धरून वरच्या पायरीवर बसवण्याची विनंती करता येते. ही विनंती सही करण्यापूर्वी, जुन्या नोकरीच्या प्रमाणपत्रांसह करायची असते. सही झाल्यावर ती मान्य होणे फार अवघड असते.

करार एकदोन वर्षांचेच का असतात, आणि असे किती वर्षे चालू शकते?

याचे मूळ 2007 साली लागू झालेल्या एका कायद्यात आहे. शैक्षणिक क्षेत्रातील मुदतीच्या करारांसाठीचा हा कायदा त्याच्या लांबलचक नावामुळे ‘विसत्साइटफेअरगे’ या लघुरूपाने ओळखला जातो. त्यानुसार पात्रता मिळवण्यासाठी पीएचडीपूर्वी कमाल 6 वर्षे आणि पीएचडीनंतर कमाल 6 वर्षे मुदतीच्या करारावर ठेवता येते. वैद्यकशास्त्रात पीएचडीनंतरची मर्यादा 9 वर्षे आहे. पीएचडी लवकर संपवली तर उरलेला काळ पुढच्या टप्प्यात मिळतो, आणि मूल सांभाळत असल्यास प्रत्येक मुलामागे मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते. बाहेरून मिळालेल्या प्रकल्पनिधीवरचे करार वेगळ्या कलमाखाली येतात, त्यामुळे त्या मार्गाने याहूनही पुढे काम चालू राहू शकते.

कायद्यामागचा विचार असा होता की जागा अडकून राहू नयेत आणि नव्या लोकांना संधी मिळावी. प्रत्यक्षात चाळिशीला आलेला, उत्तम काम केलेला माणूस एके दिवशी विद्यापीठातील मुदतीच्या नोकरीसाठी अपात्र ठरतो आणि कायम जागा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. जून 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण व संशोधन मंत्रालयाच्या एका चित्रफितीत ‘हाना’ नावाच्या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणातून या कायद्याचे समर्थन केलेले पाहून हजारो संशोधकांनी ‘मी हाना आहे’ या हॅशटॅगखाली स्वतःच्या कहाण्या लिहिल्या. त्या कहाण्यांतील अस्थिरता परदेशी संशोधकाला दुहेरी भोगावी लागते, कारण त्याचा राहण्याचा परवानाही बहुधा त्याच कराराच्या तारखेला बांधलेला असतो.

म्हणून रुजू होतानाच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे : माझा करार कोणत्या कलमाखाली आहे, आणि माझ्या सहा वर्षांपैकी किती काळ मोजला गेला आहे? हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. येथे तो रोज विचारला जातो.

करार संपत आला असेल आणि वाढीचे पत्र आले नसेल, तर काय करावे?

थांबून राहू नये. करार संपण्याच्या किमान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात ‘काम शोधत असल्याची’ नोंद करणे आवश्यक असते. ‘वाढ मिळणारच आहे’ असे गाइडने तोंडी सांगितलेले असले तरी ही नोंद करावी. पत्र आले की ती रद्द करता येते. मागील 30 महिन्यांत किमान 12 महिने वर्गणी भरलेली असेल तर बेरोजगारी भत्ता मिळू शकतो. तो निव्वळ पगाराच्या सुमारे 60 टक्के असतो, मूल असल्यास 67 टक्के.

राहण्याच्या परवान्याचे काम वेगळे आहे आणि ते परदेशी नागरिक कार्यालयात चालते. परवाना संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज दाखल झाला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानला जातो आणि तसा दाखला मिळतो. त्याला ‘फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला तरी ही सोय धोक्यात येते. पासपोर्टची मुदतही तपासावी, कारण तिच्यापुढचा परवाना देत नाहीत. पासपोर्टचे नूतनीकरण बर्लिनच्या दूतावासात किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावासांत, राहत्या राज्यानुसार होते. करार ठरलेल्या तारखेपूर्वीच सुटला, तर तेही परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचे असते.

घर शोधताना कोणती काळजी घ्यावी?

विद्यापीठाचे अतिथिगृह किंवा स्वागत केंद्राकडून मिळणारी खोली काही महिन्यांसाठी घ्यावी आणि उरलेला शोध येथे आल्यावर करावा. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. परदेशात असल्याचे सांगणारा आणि किल्ली टपालाने पाठवू म्हणणारा मालक हा फसवणुकीचा जुनाच प्रकार आहे.

जाहिरातीत ‘थंड भाडे’ आणि ‘गरम भाडे’ असे दोन आकडे दिसतात. पहिला नुसत्या जागेचा असतो, दुसऱ्यात पाणी, सफाई आणि बहुतेकदा हीटिंगचा अंदाजे खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळेच. वर्षाअखेरीच्या हिशेबात वापर जास्त निघाला तर फरक भरावा लागतो. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात नळाच्या जोडणीपलीकडे काहीच नसते, ओटासुद्धा नाही, हे पाहून धक्का बसू देऊ नये. ताबा घेताना भिंतीवरील प्रत्येक ओरखडा नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

हिवाळ्यात खिडक्या घट्ट लावून बसल्यास भिंतींना बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामतीतून कापण्यावरून वाद होतात. दिवसातून दोनतीन वेळा सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडून हवा बदलणे ही येथे शिस्त मानली जाते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याने भिंती थंड पडतात आणि उपयोग होत नाही.

याशिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो सार्वजनिक प्रसारण शुल्क असते. टीव्ही नसला तरी ते द्यावेच लागते, मात्र एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे असते.

आजारी पडल्यास काय करावे?

पहिल्याच दिवशी, काम सुरू होण्याच्या वेळेपर्यंत संस्थेला कळवावे. आजारपण तीन दिवसांहून अधिक चालले तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. सरकारी आरोग्यविमा असणाऱ्यांच्या बाबतीत 1 जानेवारी 2023 पासून ते संगणकाद्वारे मालकापर्यंत पोहोचते. करारावर असलेल्यांना सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. रात्री किंवा सुटीच्या दिवशी तातडीचे पण जिवावरचे नसलेले दुखणे असेल तर 116117 हा क्रमांक आहे. जीव धोक्यात असेल तर 112.

तापात प्रयोगशाळेत येणे याला येथे कोणी निष्ठा म्हणत नाही. सहकारी नाराज होतात आणि ते योग्यच आहे. बरे वाटत असताना, गरज नसतानाच, जवळचा फॅमिली डॉक्टर शोधून त्याच्याकडे नाव नोंदवून ठेवावे, कारण अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत.

जर्मन भाषा आलीच पाहिजे का?

प्रयोगशाळेत इंग्रजीवर पाच वर्षेही निघतात. पण घरमालकाची नोटीस, विम्याचे पत्र, ‘किटा’च्या, म्हणजे पाळणाघराच्या, शिक्षिकेशी बोलणे आणि जिन्यात भेटणारी शेजारीण यांची भाषा जर्मन असते. विद्यापीठाचे भाषाकेंद्र आणि शहरातील लोकविद्यापीठ, म्हणजे ‘फोल्क्सहोखशूल’, येथे वर्ग परवडणाऱ्या शुल्कात मिळतात. पहिल्या वर्षी प्रयोगाचा ताण कमी असतो. तेव्हाच सुरुवात करावी. तिसऱ्या वर्षी प्रबंध लिहिताना कोणालाही धातूंची रूपे पाठ करण्याचे त्राण उरत नाही.

गाइडशी आणि सहकाऱ्यांशी कसे वागावे?

‘झी’ हे आदरार्थी आणि ‘डू’ हे सलगीचे संबोधन आहे, आणि ‘डू’ची सुरुवात वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने करायची असते. अनेक गटांत ती पहिल्या दिवशीच होते. ‘डू’ म्हटले म्हणून मतभेद सौम्य होतात असे मात्र नाही. सेमिनारमध्ये ‘ही आकृती मला पटत नाही’ असे सगळ्यांसमोर थेट सांगितले जाते आणि तासाभराने तीच व्यक्ती जेवणाच्या टेबलावर मोकळेपणाने गप्पा मारते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहण्याची सवय असते. येथे गप्प राहिल्याने तुम्हाला म्हणणे मान्य आहे किंवा काम समजलेले नाही, असे दोनच अर्थ निघतात. ‘होईल’ असे म्हणून तारीख चुकवण्यापेक्षा ‘या तारखेला होणार नाही, दहा दिवस जास्त लागतील’ असे आधी सांगणे केव्हाही चांगले.

गाइडशी गंभीर मतभेद झाले, तर दाद कोठे मागावी?

प्रथम, पीएचडीच्या सुरुवातीलाच मार्गदर्शनाचा लेखी करार होतो तो काळजीपूर्वक करावा. किती दिवसांनी भेट, दुसरा मार्गदर्शक कोण, हे त्यात असावे. कामाचे तास, सुट्ट्या, पगार यांविषयी तक्रार असेल तर कर्मचारी प्रतिनिधी मंडळ असते. राज्यांच्या वेतनश्रेणीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी 30 दिवस रजा आहे आणि ती घेणे हा हक्क आहे. लेखकांच्या यादीतून नाव वगळणे, माहितीत फेरफार, श्रेय लाटणे अशा गोष्टींसाठी प्रत्येक विद्यापीठात ‘ओम्बुड्सपर्सन’ असते, आणि त्याबाहेर देशपातळीवर 1999 पासून एक स्वतंत्र समिती काम करते. या चौकश्या गोपनीय असतात.

मला मनापासून सांगावेसे वाटते की त्रास होत असताना परवान्याच्या भीतीने गप्प बसू नये. त्या भीतीचा गैरफायदा घेणारे लोक असतात. आधी बोलून घेतल्याने परवाना जात नाही. भेटींची तारीखवार टिपणे मात्र ठेवावीत.

जोडीदाराला आणि मुलांना आणता येते का?

येते. संशोधकाच्या परवान्यावर असलेल्यांच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मनच्या प्राथमिक परीक्षेची अट नसते, विद्यार्थी परवान्यावर असलेल्यांच्या जोडीदाराला ती सामान्यतः असते. म्हणून आपल्या परवान्याचा प्रकार आधी पाहावा. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला नोकरी करण्याची मुभा आहे. तरीही पदवी, अनुभव आणि ओळख असलेली व्यक्ती अचानक दिवसभर परक्या घरात एकटी बसते, हे दुःख संशोधकाला आपल्या कामाच्या भरात सहसा दिसत नाही. जोडीदाराचा भाषेचा वर्ग येण्याच्या तिकिटाबरोबरच ठरवावा. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून आहे, पण प्रत्यक्ष जागेसाठी नाव फार आधी नोंदवावे लागते.

आई-वडिलांना काही महिन्यांसाठी बोलावता येईल का?

180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत, शेंगेन व्हिसावर. किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. खर्चाची हमी तुम्ही घेत असाल तर तिचे पत्र येथील परदेशी नागरिक कार्यालयातून घेऊन मूळ प्रत त्यांच्याकडे पाठवावी.

हिवाळ्यातील उदासी खरीच असते का?

खरी असते. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साधारण चार वाजता मावळतो. प्रयोगशाळेत खिडकी नसेल तर आठवडाभर ऊन दृष्टीस पडत नाही. त्यातच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जाते आणि भारताशी असलेले अंतर साडेतीनवरून साडेचार तासांचे होते, म्हणजे काम आटोपून फोन करावा तर घरचे झोपलेले असतात. माझ्या अनुभवात दुपारी अर्धा तास बाहेर चालणे आणि घरच्यांशी बोलण्याची सकाळची वेळ ठरवून टाकणे यांनी सर्वांत जास्त आधार दिला. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून त्या दिवसासाठी माणसांच्या भेटी आधीच ठरवाव्यात. झोप उडणे किंवा कशातच मन न लागणे असे आठवड्यांमागून आठवडे चालले तर फॅमिली डॉक्टरांना सांगावे. पीएचडीसाठी विद्यापीठात नाव दाखल असेल तर विद्यार्थी कल्याण मंडळाच्या समुपदेशकांकडेही जाता येते.

पुढे कायमचे राहायचे असेल तर?

संशोधकाच्या परवान्यावर साधारण तीन वर्षे, पेन्शनची 36 महिन्यांची वर्गणी आणि जर्मनची बी-1 पातळी पूर्ण झाल्यास कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. स्कॉलरशिपचे महिने वर्गणीत धरले जात नाहीत, हे वर आलेच आहे. अनेकांना त्याची किंमत येथे कळते. नागरिकत्वासाठी 27 जून 2024 पासून पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, पण भारताच्या कायद्यात त्याला स्थान नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि हवे असल्यास ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचे कार्ड, घेता येते. हा निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्यावा.

देश सोडताना कोणती कामे राहून जातात?

घर सोडण्याची नोटीस सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची असते. पत्त्याची नोंद रद्द करण्याचे काम निघण्यापूर्वी फार तर आठवडाभर आधी आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायचे असते. तो दाखला मिळाला की फोन, इंटरनेट आणि प्रसारण शुल्क बंद करणे सोपे जाते. पेन्शन विम्याचा क्रमांक आणि वर्गणीचा उतारा जपून ठेवावा, कारण भारत आणि जर्मनी यांच्यात 1 मे 2017 पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारानुसार दोन्ही देशांतील कालावधी हक्कासाठी एकत्र धरता येतात. संस्थेची किल्ली परत केल्याची पावती घ्यावी. ती संपूर्ण इमारतीच्या कुलूपव्यवस्थेची असते आणि हरवल्यास भरपाई मोठी असते. बँकेचे खाते मात्र लगेच बंद करू नये. अनामत परत यायला काही महिने लागतात, आणि शेवटच्या वर्षाच्या विवरणपत्रावरील कराचा परतावा तर पुढच्या वर्षी येतो.